अमेरिकेतली ‘देशांतर्गत दहशतवादा’ची व्याख्या कशी वाचावी

कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी आधी बातम्या बाजूला ठेवायला सांगते. अमेरिकी संहितेच्या शीर्षक १८ मधलं कलम २३३१, पोटकलम ५ उघडा. २००१ च्या पेट्रियट या दहशतवादविरोधी कायद्याने ते आलं.

पहिल्यांदा कृत्य पाहा. ते माणसाच्या जिवाला धोकादायक हवं आणि संघराज्याचा किंवा एखाद्या राज्याचा फौजदारी कायदा मोडणारं हवं. नुसतं जहाल मत यात बसत नाही, आणि बसूही नये.

मग हेतूवर थांबा. खरी कसोटी इथेच आहे. नागरिकांना धमकावणं, दहशतीने सरकारी धोरण वाकवणं, किंवा मोठा विध्वंस, हत्या, अपहरण यांतून सरकारच्या वागण्यावर परिणाम करणं: यांपैकी एक हेतू सकृतदर्शनी दिसायला हवा. विचारसरणी डावी की उजवी, हे कलम विचारत नाही. जागा मुख्यतः अमेरिकेच्या हद्दीतली.

पण या व्याख्येला स्वतंत्र शिक्षा जोडलेली नाही! २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणारा हल्लेखोर संघराज्य न्यायालयात द्वेषमूलक गुन्ह्यांसाठी दोषी ठरला. म्हणून आरोपपत्रात ‘दहशतवाद’ शोधत बसू नका, लावलेली कलमं वाचा.