पाटी नसलेली गाडी आणि माझा 2025 चा मे महिना

स्पर्धा परीक्षेवाल्यांनो, मे महिन्यात घरी जाताना पुस्तकांची सॅक नेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी लागोपाठ कितीतरी मे महिने ती नेली आणि दरवेळी माजघरात खुंटीखाली ठेवली तशीच परत पुण्याला आणली, मधे फक्त तिच्यावर फणसाचा चीक सांडला. घरी अभ्यास होत नाही ही अडचण नाहीच. सॅक दिसत राहते म्हणून आपल्याला वाटतं की आपण अभ्यासच करतोय, आणि घरच्यांनाही तेच वाटतं, अडचण ही आहे.

माझं थोडक्यात. देवगड तालुका, बी.एस्सी. ॲग्री, 2018 पासून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एमपीएससीची राज्यसेवा. प्रीत म्हणजे पूर्व परीक्षेत तीनदा नापास, मेन्समध्ये म्हणजे मुख्य परीक्षेत दोनदा, त्यातली एक चार मार्कांनी गेली. कोरोनात प्री ढकलत ढकलत 21 मार्च 2021 ला झाली, मग मेन्स डिस्क्रिप्टिव्ह म्हणजे सविस्तर उत्तरं लिहायची होणार म्हणाले, ते लगेच नको म्हणून 2023 च्या फेब्रुवारीत आंदोलन, मग 2025 पासून ठरलं. हे तुम्हाला पाठ आहे, लांबवत नाही. सांगायचं एवढंच की दर वर्षी बाहेरचं काहीतरी कारण मिळत गेलं आणि मी स्वतःकडे बघायचं टाळत गेलो. प्रत्येक कारण खरं होतं, तीच तर गंमत.

2025 च्या मे मध्ये घरात सगळं एकदमच आलं. ताई बाळंतपणाला आलेली, एप्रिलच्या शेवटी मुलगी झाली. आंबा तेव्हा भरात. आणि बाबा 31 मे ला रिटायर, एसटीत कंडक्टर, 58 पूर्ण. त्यांची जन्मतारीख कागदावर 1 जून 1967 आहे कारण शाळेत घालताना गुरुजींनी अर्ध्या वर्गाची तीच टाकली, आजी अजून म्हणते 'तो दिवाळेक झालो'. म्हणजे पाच महिन्यांचा पगार गुरुजींच्या पेनाने गेला. भाचीच्या जन्माची नोंद करायला मी निघालो तर बाबा पडवीतून ओरडले, खरी तारीख घाल रे बाबा, 1 जून नको. सगळे हसले, मीही हसलो. तारखेवरून माझी स्वतःची वाट लागत आलीय हे तेव्हा डोक्यात पण नव्हतं.

मे मध्ये गावात मुंबईचे चाकरमानी येतात आणि प्रत्येकजण विचारतो, 'काय मगे, सायब कधी होतलंस?' मी म्हणायचो, चालू आहे. मावशीला चालू आहे, शेजारच्या काकांना चालू आहे, बारशाला आलेल्या ताईच्या सासूबाईंना पण चालू आहे. हे दोन शब्द इतके भारी आहेत की पुढचा प्रश्नच येत नाही. समोरचा गप्प बसतो, आपण आत जाऊन पाणी पितो.

आता मला जे भोवलं ते सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. राज्यसेवेला ओपनला 38 पर्यंत बसता येतं, राखीवला 43. हा आकडा आपल्या डोक्यात इतका पक्का बसलेला असतो की आपल्याला वाटतं आपल्याकडे वेळ आहे. पण ती फक्त त्या एका दाराची वेळ आहे. बाकीची दारं आधीच बंद होत जातात आणि बंद होताना आवाज करत नाहीत. बँकेच्या क्लार्कचं, म्हणजे आयबीपीएस ही संस्था सरकारी बँकांसाठी जी भरती परीक्षा घेते तिचं, 28 ला बंद. पीओ म्हणजे बँकेतला प्रोबेशनरी ऑफिसर, 30 ला. आणि आम्हा ॲग्रीवाल्यांसाठी जे सगळ्यात जवळचं, एएफओ म्हणजे बँकेतलाच ॲग्रीकल्चर फील्ड ऑफिसर, ते पण 30 ला. ओबीसीला तीन आणि एससी, एसटीला पाच वर्षं जास्त मिळतात, मी ओपनचा, मला काही नाही. माझा जन्म जानेवारी 1996 चा. क्लार्कचं दार माझ्यासाठी कधी बंद झालं ते मला माहीतच नाही, मी तेव्हा अभ्यासिकेत बसून कट-ऑफ किती लागणार याचे व्हिडिओ बघत असणार.

आणि वय कुठल्या तारखेला मोजतात ते प्रत्येक जाहिरातीत वेगळं असतं, याकडे कोणी बघत नाही. आयबीपीएसच्या त्या वर्षीच्या एएफओच्या जाहिरातीत 1 जुलै 2025 ही तारीख होती. म्हणजे मी 29 वर्षांचा, बसतोय. पुढच्या 1 जुलैला मी तीस पूर्ण केलेला, बाद. मधे कुठलीही सूट नाही, विनंती नाही. म्हणजे ज्या मे महिन्यात मी माजघरात पडून पंख्याकडे बघत होतो तो माझ्यासाठी त्या परीक्षेच्या आधीचा शेवटचा मे होता आणि मला ते ठाऊक नव्हतं. सात वर्षं मी स्पर्धा परीक्षा करतोय असं सांगत होतो आणि स्वतःच्या वयाचं साधं गणित कधी कागदावर मांडलं नव्हतं. तुम्ही मांडलंय का? खरं सांगा. 'साधारण माहितीये' म्हणजे मांडलेलं नाही.

हे माझ्या लक्षात आलं नाही, ताईने आणून दिलं. रात्री अडीच-तीनची वेळ, बाळ रडून रडून तिच्या मांडीवर जरा शांत झालेलं, मी शेजारी मोबाईलवर पीवायक्यू, मागच्या वर्षांचे प्रश्न, उघडून बसलेलो म्हणजे उघडून ठेवून दुसरंच काहीतरी बघत होतो. ताई स्वतः बँकेत आहे. ती बाळाकडेच बघत हळूच म्हणाली, तू जानेवारीचा ना, मग ते ॲग्रीचं तुला यंदाच शेवटचं. मी काहीतरी बोललो, आठवत नाही. 2022 मध्ये तिने हेच सुचवलेलं आणि मी म्हटलेलं, बँकेत बसायला नाही आलो मी पुण्यात. तेव्हा ती क्लार्क म्हणून त्याच बँकेत बसत होती. या वाक्याची मला अजून लाज वाटते.

पण लगेच सगळं बदललं असं समजू नका. पुढचे आठ-दहा दिवस मी ताईशी धड बोललो नाही.

मग पाऊस आला. त्या वर्षी मॉन्सून 25 मे लाच देवगडपर्यंत पोचला, त्याच्या आधी चार-पाच दिवस अवकाळी कोसळतच होता. झाडावर अजून आंबा होता. आम्ही मिळेल तेवढा झेल्याने उतरवला, मांगरात आणून पसरला, लाईट गेलेली, बॅटरीच्या उजेडात मी आणि बाबा निवडत बसलो. चांगला पेटीत, डागी बाजूला, फुटका कॅनिंगला. गवत दमट झालेलं म्हणून पेटीच्या तळाला पेपर घालत होतो. बाबा आंबा हातात घेऊन अंगठ्याने देठाजवळ दाबून बघतात आणि न बोलता कुठल्या ढिगात टाकायचा ते ठरवतात, मी मात्र प्रत्येक आंबा दोनदा बघत होतो. कॅनिंगचा ढीग वाढत चाललेला. मला उगाच रडायला आलं, आंब्यामुळे नाही.

बाबांनी विचारलं, काय ठरवलंस. मी म्हटलं, चालू आहे.

बाबा हसले नाहीत, रागावले पण नाहीत. म्हणाले, 'स्टँडार पाटी नसलेली गाडी उभी असली काय येणारो जाणारो इचारता, खय जाता, कधी सुटता. ड्रायव्हर म्हणता, इंजिन चालू हा. इंजिन चालू हा ता आमकाय दिसता रे. पाटी खय हा?' आणि पुढचा आंबा उचलला.

एवढंच. नंतर त्या विषयावर ते आजपर्यंत बोललेले नाहीत.

मी ते मनाला फार लावून घेतलं. पण नंतर विचार केला तर मला त्यात एक सोयीची गोष्ट पण दिसली, की पाटी लावणं म्हणजे जन्माचा निर्णय नाही. एसटीची पाटी रोज बदलते. मला वाटायचं आता ठरवायचं म्हणजे एक तर एमपीएससी कायमची सोडायची नाहीतर मरेपर्यंत करायची, आणि म्हणून मी काहीच ठरवत नव्हतो. दोन दिवसांनी मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. कुठली परीक्षा, वय मोजायची तारीख, माझं त्या दिवशीचं वय, आणि त्यापुढे पैसे कुठून येणार. हे शेवटचं लिहिताना हात थांबला. बाबा दर महिन्याला साधारण दहा हजार पाठवत होते, आणि 31 मे नंतर पगार बंद. सात वर्षांत हा हिशोब मी एकदाही केला नव्हता, ते मात्र दर महिन्याला करत असणार, कंडक्टर माणूस.

कागदावर आल्यावर जरा बरं वाटलं. म्हणजे घाबरायला झालं, पण आधीची भीती सगळीकडे पसरलेली असायची, ही एका पानात मावत होती. आणि ॲग्रीवाल्यांना सांगतो, आपलं तितकं वाईट नाहीये. राज्यसेवेच्या नव्या पॅटर्नमध्ये लेखी 1750 आणि मुलाखत 275, त्यातले 500 मार्क ऑप्शनलचे, आणि कृषी हा ऑप्शनल आहे. एएफओच्या मेन्सला प्रोफेशनल नॉलेज म्हणजे पण शेवटी तेच, ॲग्रोनॉमी, हॉर्टी, सॉइल. एमपीएससीच्याच कृषी सेवेची प्री पण आता राज्यसेवेबरोबरच होते. म्हणजे दुसरं दार उघडायला पहिलं सोडावं लागत नाही. फक्त डिग्रीच्या चार वर्षांची पुस्तकं, जी आपण रद्दीत घातलेली असतात, ती परत आणावी लागतात. माझी आजीने आंब्याच्या पेट्यांना लावायला वापरली होती, निम्मी वाचली.

मार्गदर्शनाबद्दल माझं मत जरा कडू आहे, पटलं तर घ्या. टॉपरच्या सत्काराची भाषणं ऐकू नका. त्यात खोटं नसतं पण ते पोचलेल्या माणसाने सांगितलेले रस्ते असतात, आणि त्याच रस्त्याने जाऊन न पोचलेले शंभर जण स्टेजवर नसतात. तुमच्या अभ्यासिकेतून दोन वर्षांपूर्वी जो गुपचूप निघून गेला त्याला फोन करा. मी एकाला केला, तो आता कृषी सेवा केंद्र चालवतो, त्याने दीड तास बोलून मला जे सांगितलं ते कुठल्याच क्लासमध्ये मिळालं नाही, आणि वर म्हणाला ये, अर्धा दिवस बस माझ्याकडे. जूनपासून बसलो. खतांच्या ग्रेड मी पुस्तकातून कधी लक्षात ठेवू शकलो नव्हतो, गोण्या उचलल्यावर पाठ झाल्या. टेलिग्रामवरच्या तीनशे पानांच्या 'संपूर्ण रिव्हिजन' पीडीएफबद्दल काही बोलत नाही, माझ्याकडे अशा साठ होत्या आणि एकही उघडलेली नव्हती.

31 मे ला बाबांच्या शेवटच्या ड्युटीला मी गाडीत होतो. पाऊस, गाडी निम्मी रिकामी. डेपोत नारळ, शाल, हार झाला. घरी आल्यावर त्यांनी खाकी शर्ट स्वतः धुतला आणि पडवीत वाळत घातला, तो पावसाने चार दिवस वाळला नाही.

प्लॅन कागदावर आला की सुटलो असं पण नाही हं. जुलैत एएफओचा फॉर्म भरला, 30 ऑगस्टची त्याची प्री पास झालो, राज्यसेवेची प्री 28 सप्टेंबरला होती, दोन्हींचं वेळापत्रक छान बसवलेलं. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पूर आला, राज्यसेवेची प्री पुढे ढकलली, 9 नोव्हेंबर. आणि एएफओची मेन्स? 9 नोव्हेंबर. ते वाचल्यावर मी आधी हसलो आणि मग बाथरूममध्ये जाऊन बसलो. जुना मी असतो तर आयोगाला शिव्या घालत महिना काढला असता. पुरात लोकांची घरं गेलेली, परीक्षा पुढे जायलाच हवी होती, त्यात कोणाला बोलणार. वही काढली, मागचं पान बघितलं. राज्यसेवा 38, एएफओ यंदाच शेवटचं. पाच मिनिटांत ठरलं. मे मध्ये ते पान लिहिलं नसतं तर 8 तारखेच्या रात्रीपर्यंत ठरलं नसतं, मला मी माहितीये.

एएफओची मेन्स दिली. पुढे काय झालं ते मुद्दाम सांगत नाही, कारण पास म्हटलं तर वर लिहिलेलं सगळं तुम्हाला खरं वाटेल आणि नापास म्हटलं तर सगळं खोटं, आणि दोन्ही चूक आहे.

बाकी या मे मध्ये घरी जाणाऱ्यांना एकच काम. सॅकऐवजी दहावीचं सर्टिफिकेट, डिग्री, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेयर लागत असेल तर त्याची जुनी प्रत, एवढी फाईल न्या आणि काय संपलंय, कशावर नाव चुकलंय ते बघून मे मध्येच सेतूत अर्ज टाका. दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेश सुरू झाले की तिथे उभं राहायला जागा नसते, आणि सर्व्हर डाऊन असतो.