दिवाळीची सामाजिक भेटपेटी : पुण्यात पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

बचत गटाचा फराळ, बौद्धिक अक्षम प्रौढांच्या कार्यशाळेतल्या पणत्या, कापडी पिशवी आणि वर एक कार्ड. अशी पेटी करून कंपन्यांना विकायची कल्पना कॉलेजातून नुकतंच बाहेर पडलेल्या अनेकांना सुचते. कल्पना चांगली आहे आणि गिऱ्हाईकही मिळतं. घोळ होतो तो पैसे कधी कुणाला मिळतात यात. कंपनी बिल चुकतं करते डिसेंबरात, तुम्ही गटाला देता त्यानंतर, आणि गटानं बेसन-तेल उधारीवर आणलेलं असतं दिवाळीआधीच. म्हणजे तुमच्या सामाजिक उपक्रमाला भांडवल पुरवलं त्या बायकांनी.

म्हणून कोटेशनवरच लिहा : ऑर्डरसोबत निम्मे पैसे, उरलेले पोच झाल्यावर. आलेला आगाऊ पैसा आधी गटाकडे आणि कार्यशाळेकडे जायला हवा, खोक्यांची खरेदी त्यानंतर. काही मोठ्या कंपन्यांच्या पद्धतीत आगाऊ रक्कम बसतच नाही. तिथे स्वतःच्या खिशातून झेपेल तेवढ्याच पेट्यांची ऑर्डर घ्या. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि मोफत होते, ती करून ठेवा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं व्हायला हवं. पण नुसता तयार माल पेटीत भरून विकणारा व्यापारी ठरू शकतो आणि मग ते संरक्षण लागू होईलच असं नाही.

किंमत वस्तू करणाऱ्याच्या दरापासून वर बांधत न्यायची. उदाहरणादाखल 600 रुपयांची पेटी घेऊ. पाव किलो चिवडा 110, सहा बेसनलाडू 120, चार रंगवलेल्या पणत्या 60, पिशवी 40 : झाले 330. खोकं आणि आतली कागदाची कात्रण 65, कार्ड-लेबल 10, भरणावळ 20, टेम्पो 15, तूटफूट पाच टक्के म्हणजे 17. एकूण 457. उरले 143, त्यातून नमुन्याच्या पेट्या, पेट्रोल आणि तुमची मेहनत. खरेदी विभाग दहा टक्के सवलत मागणारच, ती दिली की हातात 83. सवलत द्यायचीच असेल तर पेटीतून लाडू कमी करा, लाडवाचा दर कमी करू नका.

याच हिशेबात ‘नफ्यातले दहा टक्के समाजकार्यासाठी’ या ओळीची किंमत कळते : पेटीमागे आठ रुपये. त्यापेक्षा कार्डावर सरळ छापा की या पेटीतले 330 रुपये वस्तू करणाऱ्यांना मिळाले. आकडा छापला की तो पाळावा लागतो, हा त्याचा फायदाच. कार्डावर केविलवाणे फोटो नकोत.

वेळापत्रक दिवाळीपासून नव्हे, गणपतीपासून मागे मोजायचं. नमुने जुलैअखेर तयार हवेत. कंपन्यांच्या भेटी ऑगस्टमध्ये. गौरी-गणपतीत गटातल्या बायका घरच्या कामात असतात आणि पेठांमध्ये मालाची गाडी शिरत नाही, तेव्हा रविवार पेठेतली खोकी-रिबिनीची खरेदी त्याआधी उरकावी. पितृपक्षात बरेच जण नवी खरेदी ठरवायचं टाळतात, होकार नवरात्रात येतो. तोवर थांबून कच्चा माल घेतला तर उशीर झालेला असतो.

सगळ्यात जास्त घात पणत्या करतात. पावसाळ्यात कच्ची पणती नीट वाळत नाही आणि ओलसर राहिलेली भट्टीत तडकते, म्हणून कसब्यातल्या कुंभारवाड्यात किंवा जिथून घेणार असाल तिथे मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी. शंभर लागणार असतील तर एकशे दहा घ्या. साधी पणती वापरण्याआधी काही तास पाण्यात भिजवायची असते, नाहीतर ती तेल पिते आणि फरशीवर डाग पडतो. रंगवलेली भिजवली तर रंगाचे पोपडे निघतात. त्यामुळे रंगवलेल्या पणतीला आतूनही रंगाचे दोन हात हवेत, किंवा त्यात मेण भरून द्यावं. मेणाची पेटी मात्र ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नये. दोन हातांच्या मधे रंग पूर्ण वाळला पाहिजे, नाहीतर पणत्या एकमेकींना चिकटतात. अशा कार्यशाळांना दिवाळीच्या तोंडावर हजार नग मागणं अन्यायाचंच. एकच नक्षी, एकच साचा ठरवून जूनपासून दर आठवड्याला थोडं थोडं काम द्या. मालही एकसारखा येतो.

फराळात ओल्या नारळाचं काहीही घ्यायचं नाही, सुक्या खोबऱ्याच्या करंज्याही पेटीत फुटतात. चिवडा, शंकरपाळे, चकली नीट तळलेली असेल तर दोन-तीन आठवडे टिकते, पण पूर्ण गार झाल्यावरच पिशवी सील करावी. कोमट असताना बंद केली की वाफेचं पाणी होतं आणि चकली सादळते. खवट वास येतो तो बहुतेकदा पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलामुळे. प्रत्येक घाण्यातली एक पिशवी तारीख घालून स्वतःकडे ठेवा. तक्रार आली तर खरं काय ते तीच सांगेल.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, करणाऱ्याचा पत्ता, तारीख, कधीपर्यंत खावं, किंमत, हिरवी खूण आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक. तुम्ही फक्त पेटी भरत असलात तरी खाद्यपदार्थ विकता, म्हणून तुमचीही नोंदणी लागते. उटणं घालायचा मोह होतो. ते परवाना असलेल्या उत्पादकाकडूनच घ्या.

कार्ड आणि वेष्टनासाठी शिवाजीनगरची हातकागद संस्था पाहावी, ती 1940 पासून आहे. येरवडा कारागृहाच्या विक्री केंद्रात बंद्यांनी केलेल्या वस्तू मिळतात, त्यांचं काम बघून आपल्या मालाचा दर्जा ताडता येतो.

एचआरवाल्यांना दोन गोष्टी चुकूनही सांगू नका : ही खरेदी सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या खर्चात बसेल, आणि तिच्यावर देणगीच्या करसवलतीची (80जी) पावती मिळेल. कर्मचाऱ्यांना दिलेली भेट सीएसआर खर्चात धरता येत नाही. आणि पेटीची खरेदी ही देणगी नव्हे, तिच्यावर 80जीची पावती मिळत नाही. या दोन गोष्टींवर विकलेली ऑर्डर लेखा विभागात अडकते. भेटवस्तूंवरच्या जीएसटीची वजावट कंपनीला तशीही मिळत नाही, तेव्हा तुमचा जीएसटी क्रमांक नसल्यानं त्यांचं नुकसान होत नाही, हे मात्र जरूर सांगा.

कोटेशन देण्याआधी विचारा : पत्ते किती? हिंजवडीच्या एकाच ऑफिसात तीनशे पेट्या छोटा हत्तीनं एका फेरीत जातात. त्याच पेट्या तीनशे घरी पाठवायच्या तर कुरिअर खोक्याच्या आकारावर पैसे घेतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 नं भागायचं : 30 बाय 25 बाय 10 चं खोकं आतला माल हलका असला तरी दीड किलो धरलं जातं. घरपोच पेटीला थ्री-प्लायचं (तीन थरांच्या पुठ्ठ्याचं) बाहेरचं खोकं लागतंच. भरलेली पेटी कमरेच्या उंचीवरून पाच वेळा टाकून बघा. ऑफिसात नेताना चलन आणि बिलाच्या दोन प्रती, गाडीचा नंबर आदल्या दिवशी गेटवर कळवलेला, आणि मालाच्या लिफ्टची वेळ विचारलेली असावी, नाहीतर अर्धा दिवस फाटकाबाहेर जातो.

खरं तर पहिलाच प्रयोग दिवाळीवर करू नये. संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवांना वाण लागतं, एकेका घरी पंचवीस-पन्नास नग, दर बेताचा आणि पैसे बहुधा हातोहात. खाण्याचं काही न ठेवता नुसत्या कापडी पिशव्या घ्या. पण त्या आधी एकदा धुऊन बघा, लाल आणि निळी कापडं फार रंग सोडतात.