कंटेनर भरण्याआधी तारखा बघा: शेतमाल निर्यातीत या चुका टाळा

7 डिसेंबर 2023 ला कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. ज्यांचं शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद) दाखल होऊन जहाज बंदराला लागलेलं होतं, किंवा ज्यांचा माल कस्टम्सच्या हवाली झालेला होता, त्यांचा कांदा समुद्रापार गेला. ज्यांच्या गोण्या लासलगाव-पिंपळगावच्या खळ्यांवर पडून होत्या, त्यांचा राहिला. माल तोच, भाव तोच. फरक पडला तो तारखेमुळे.

नाशिक भागातल्या निर्यातीची कागदपत्रं बघता बघता माझं एक मत पक्कं झालंय. युद्ध, निवडणूक, आयातशुल्क यांच्या बातम्या आपण भावासाठी वाचतो: चढेल की पडेल? पण मोठं नुकसान बहुतेक वेळा तारखांमध्ये होतं. एलसी (खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी) कधी उघडली, शिपिंग बिल कधी भरलं, जहाजाचं भाडं कोणत्या दिवसाच्या दराने ठरलं. भाव आपल्या हातात नसतो, यातल्या बऱ्याच तारखा असतात.

दूरच्या युद्धाकडे लक्ष, दिल्लीकडे पाठ

कांद्याला बसलेले सगळ्यात जोरदार फटके परदेशातून आलेले नाहीत. सप्टेंबर 2019 मध्ये आधी टनाला 850 डॉलरची किमान निर्यात किंमत (त्याखाली माल बाहेर पाठवता येत नाही) लागली आणि महिनाअखेरीस बंदी. सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा बंदी. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर 800 डॉलरची किमान किंमत, डिसेंबरात बंदी.

महिने बघा. चाळीतला उन्हाळ कांदा संपत आलेला, नवा लाल कांदा पुरेसा बाजारात नाही, शहरात भाव तापलेला आणि कुठल्या ना कुठल्या राज्याची निवडणूक तोंडावर. तिन्ही वर्षं हेच चित्र होतं. बंदी उठली ती मार्च 2020, जानेवारी 2021 आणि मे 2024 मध्ये. 1 एप्रिल 2025 पासून निर्यातशुल्कही गेलं. तरी ऑगस्ट ते डिसेंबर हा काळ मी जोखमीचाच धरतो, आणि तुम्हीही धरावा असं कळकळीने सांगतो.

या महिन्यांत तीन-चार महिन्यांचे लांब सौदे करू नका. ऑर्डर हातात असेल तेवढाच माल उचला, छोटे लॉट काढा. आणि करारात नावं घालून लिहा: निर्यातबंदी, किमान निर्यात किंमत, निर्यातशुल्क. यातलं काही लागलं तर सौदा रद्द होणार की थांबणार, आणि शुल्क कोण भरणार? 'अपरिहार्य कारणास्तव' एवढं मोघम वाक्य अशा वेळी भांडणालाच निमंत्रण देतं.

एलसीचंही असंच. 13 मे 2022 ला गव्हाची निर्यात थांबली, तेव्हा त्या तारखेपर्यंत उघडलेली अपरिवर्तनीय (एकतर्फी रद्द न होणारी) एलसी असलेल्यांना माल पाठवायची मुभा मिळाली. मागच्या तारखेच्या एलसी पुढे येऊ लागल्यावर सरकारने त्यांची पडताळणीही लावली. म्हणजे एलसी लवकर उघडून घेणं हे खरंच कामाला येतं. पण त्या एकाच भरवशावर राहू नका. अधिसूचनेत कधीकधी ही सवलत लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि मग फक्त शिपिंग बिल आणि कस्टम्सची नोंद वाचवते.

विमा काढलाय, मग उशिराची काळजी कशाला?

ही चूक द्राक्षवाल्यांना फार महागात पडते. नोव्हेंबर 2023 पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि जानेवारीत आपला युरोपचा हंगाम सुरू होताना जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास साधारण 10 ते 14 दिवसांनी लांबला. पॅकहाउसमध्ये मण्याचा कडकपणा आणि काडीचा हिरवेपणा आपण तासांच्या हिशेबात जपतो, तिथे दोन आठवडे!

मालवाहतुकीच्या नेहमीच्या सागरी विम्यात उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. उशीर कशामुळे झाला याने काही फरक पडत नाही. युद्धाचा धोका आणि संपाचा धोकाही मूळ पॉलिसीत नसतो, त्यांची कलमं वेगळी जोडून घ्यावी लागतात. पॉलिसी हातात आल्यावर आधी 'वगळलेल्या बाबी' वाचा.

उशिराचा उपाय विम्यात नाही, तो नियोजनात आहे. लांबच्या वाटेचे दिवस गृहीत धरून मगच खरेदीदाराला आठवडा सांगा. लवकर मऊ पडणारा माल जवळच्या बाजाराला काढा, टिकाऊ बागेचा युरोपला. बागायतदाराला हे ऑक्टोबर छाटणीच्या वेळीच सांगायला हवं, काढणीला नव्हे. सीआयएफ दराने (माल, विमा आणि भाडं धरून) सौदा असेल तर भाडं तुमच्या डोक्यावर असतं. कोटेशनमध्ये भाड्याची मुदत घाला आणि त्यानंतरचा अधिभार खरेदीदाराकडे जाईल असं लिहून घ्या. कन्साइनमेंटवर, म्हणजे भाव आधी पक्का न करता, द्राक्षं पाठवणाऱ्यांनी तर दुप्पट जपावं, कारण तिथे उतरलेल्या मालाची प्रत बघून पैसे ठरतात.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी थोडक्यात. ईसीजीसीचं (निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्ध विमा देणारी सरकारी कंपनी) संरक्षण देश अडचणीत येण्याआधी घ्यायचं असतं. एप्रिल 2022 मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली, तेव्हा जागं होऊन उपयोग नव्हता. आणि मालाच्या प्रतीवरून झालेला वाद किंवा रुपया-डॉलरचा चढउतार त्यात येत नाही. डॉलरचं फॉरवर्ड बुकिंग (पुढच्या तारखेचा दर बँकेकडे आजच पक्का करणं) पूर्ण ऑर्डरचं करू नका. माल अडकला तर डॉलर येत नाहीत, पण बँकेचं बुकिंग मात्र तारखेला उभं राहतं आणि रद्द करताना रुपया घसरलेला असेल तर फरक खिशातून जातो.

माल वाटेत असताना बातमी आली तर

व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड बाजूला ठेवा आणि मूळ आदेश वाचा. अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावर आणखी 25 टक्के शुल्क लावलं तेव्हा त्यातून सूट होती, पण तारखा दोन होत्या: माल 27 ऑगस्टच्या आधी जहाजावर चढलेला हवा आणि 17 सप्टेंबरच्या आत तिथे आयात म्हणून नोंदलेला हवा. पहिली तारीख गाठायला धावपळ करण्याआधी दुसरी जमणार का, हे बघायला हवं होतं. आफ्रिकेच्या वळशाने जाणाऱ्या जहाजाला तीन आठवडे पुरत नाहीत.

मग सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) एकच प्रश्न विचारा: 'लेट एक्सपोर्ट ऑर्डर' (Let Export Order, म्हणजे माल बाहेर पाठवायला कस्टम्सची परवानगी) मिळाली का, किती वाजता? त्याची प्रत जपा. त्याच दिवशी खरेदीदाराला लेखी कळवा. फोनवर बोललेलं नंतर कोणी मानत नाही. रीफर (थंड कंटेनर) बंदरात अडकला असेल तर त्याचं प्लगिंग (वीजजोडणी) सुरू आहे ना, याची रोज खात्री करा.

माल दुसऱ्या बंदराकडे वळवायचा असेल तर जहाज पोचायच्या आत शिपिंग लाइनला अर्ज द्या. त्यासाठी बिल ऑफ लॅडिंगच्या (मालाच्या ताब्याचा शिपिंग लाइनने दिलेला कागद) सगळ्या मूळ प्रती परत द्याव्या लागतात, म्हणून वातावरण तापलेलं असेल तर त्या खरेदीदाराच्या बँकेकडे घाईने धाडू नका. एकदा माल उतरला की तुर्कीसारख्या देशात तो परत आणायला किंवा दुसऱ्याला विकायला आधीच्या खरेदीदाराचं ना-हरकत पत्र लागतं, आणि भाव पाडून घ्यायला तो तेच पत्र अडवून धरतो.