मसाला उद्योग सुरू करताय? पहिल्या वर्षी पैसा जिथे अडकतो त्या जागा

घरच्या मसाल्याला पाहुण्यांनी नावाजलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "विकायला का नाही काढत?" चव जमलेली असते, पण तिच्या जोरावर उभा राहिलेला उद्योग वर्षभरात गुंडाळावा लागतो तो बहुतेक वेळा हिशेबापायी. म्हणून कांडपयंत्राचं कोटेशन मागवण्याआधी कागद-पेन घेऊन बसा.

मिरची पूड हा सगळ्यात सोपा माल, त्यावरच हिशेब करून पाहू. पुढचे आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या गावचे भाव घालून तेच गणित पुन्हा मांडा. मिरची 220 रुपये किलो, पाकीट 200 ग्रॅमचं. नवखा माणूस असा हिशेब करतो: मिरची 44 रुपये, कांडप 5, पाकीट 5, एकूण 54. एमआरपी 100, म्हणजे 46 रुपये सुटले!

आता खरा हिशेब. 100 किलो मिरची आणली. देठ खुडले, काळी-पांढरी पडलेली मिरची निवडून काढली, 8 किलो गेले. उन्हात वाळवताना ओलावा उडाला, 5 किलो. कांडताना-चाळताना 2 किलो. हातात पूड आली 85 किलो, आणि 22,000 रुपये भागिले 85 केले तर किलोला 259 रुपये पडले. पाकिटात मिरचीच 52 रुपयांची आहे. त्यात कांडप 5, पाकीट आणि लेबल 5, देठ खुडणाऱ्या व भरणाऱ्या बायकांची मजुरी 6, वाहतूक आणि परत आलेला माल 4, भाडं-वीज-तपासणीचा वाटा 6. झाले 78. दुकानदार एमआरपीवर 20 टक्के मागतो, तुमच्या हातात येतात 80. पाकिटामागे उरले 2 रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर त्या 80 मध्येच 5 टक्के कर बसलेला असतो, आणि खरेदीवरच्या कराची वजावट धरली तरी ते 2 रुपये पूर्ण उरत नाहीत. यात तुमचा स्वतःचा पगार कुठेच नाही, हेही लक्षात घ्या. घरातल्या माणसाच्या श्रमाला शून्य रुपये लावणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक.

घट प्रत्येक खेपेला वजन करून लिहा: आणली किती, देठ किती, वाळल्यावर किती, पूड किती. तीन-चार खेपांत तुमचा खरा आकडा कळतो, आणि भाव सांगताना अंदाजपंचे बोलावं लागत नाही.

दुसरी खड्ड्याची जागा म्हणजे खेळतं भांडवल. नव्या मिरचीची आवक साधारण जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत जोरात असते. खरेदीच्या पेठा म्हणजे ब्याडगी, गुंटूर, आपल्याकडे नंदुरबार, संकेश्वरी हवी तर गडहिंग्लज. पैसे याच काळात मोजावे लागतात आणि ते सुटतात पुढे वर्षभर थोडेथोडे. महिना 1 लाखाची विक्री आणि 80 हजार खर्च धरा. दोन महिन्यांचा कच्चा माल 1 लाख 10 हजारांचा, तयार पाकिटं 40 हजारांची, आणि दुकानदारांकडे दीड महिन्याची उधारी, जिच्यात तुमचा 1 लाख 20 हजारांचा खर्च अडकलेला. म्हणजे 2 लाख 70 हजार रुपये कायम बाहेर. सगळी पुंजी यंत्रात आणि पाटीत घातलेल्याला तिसऱ्याच महिन्यात मिरची उधार आणावी लागते, आणि उधारीच्या मिरचीला अडत्याचा भाव वेगळा असतो.

उधारीला सुरुवातीलाच कुंपण घाला. एका रस्त्यावरची 10 दुकानं घ्या, 40 नको. पहिला माल रोखीने, किंवा पहिलं बिल चुकतं झाल्याशिवाय दुसरा माल नाही. दुकानदाराने माल ठेवून घेतला म्हणजे तो विकला गेला असं नव्हे. पंधरा दिवसांनी फळीवर किती पाकिटं शिल्लक आहेत ते मोजून या. ओळखीचे लोक पहिल्यांदा घेतातच, अनोळखी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेतं का, एवढंच पाहायचं.

हॉटेल, मेस किंवा मोठ्या दुकानसाखळीला माल देणार असाल तर आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, शुल्क मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते दलालाचं समजा. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचे, असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. कोपऱ्यावरच्या वाण्याविरुद्ध कोणी तक्रार करायला जात नाही हे खरं, पण मोठ्या खरेदीदाराला दिलेल्या बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की फोनवरचा सूर बदलतो.

मालाचं म्हणाल तर ओलावा हा खरा शत्रू. मिरची पुडीत ओलावा 11 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. वजन वाढावं म्हणून ओलसर मिरची विकली जाते. मूठभर मिरच्या कानाजवळ हलवा, आत बिया खुळखुळल्या पाहिजेत, आणि वाकवल्यावर मिरची कडकन मोडली पाहिजे. हंगामाच्या सुरुवातीला शीतगृहातला गेल्या वर्षीचा माल नव्यात मिसळलेला असू शकतो, म्हणून पोत्याच्या तोंडचं न बघता मधून बांबी (नमुना काढायची पोकळ सळई) घालून काढलेला नमुना बघा. वर्षाची सगळी मिरची एकदम कांडून ठेवू नका: पुडीचा रंग आणि वास अख्ख्या मिरचीपेक्षा लवकर जातो. पावसाळ्याआधी अख्खी मिरची कडक वाळवून हवाबंद ठेवा आणि महिन्याला लागेल तेवढीच कांडा.

कांदा-लसूण मसाल्यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. कांदा नीट कोरडा भाजला-तळला गेला नाही तर पाकिटात गुठळ्या आणि मग बुरशी. आणि सुकं खोबरं खवट होतं, पारदर्शक पाकिटात उजेड लागून आणखी लवकर. 'सहा महिने टिकतो' असं लेबलवर छापण्याआधी एका खेपेची 12 पाकिटं बाजूला ठेवा, दर महिन्याला एक फोडून वास, रंग, गुठळी बघा. गिऱ्हाइकाची तक्रार आली तर तुलना करायलाही हीच पाकिटं लागतात. सील करताना तोंडाला पूड लागली की सील धरत नाही. तोंड पुसा, मगच पट्टी लावा.

छापील पाकिटांचा मोह आवरा. प्रत्येक रंगाचं छपाईचं सिलिंडर वेगळं, वर किमान ऑर्डर शेकडो किलोंची. पहिल्या सहा महिन्यांत पत्ता बदलतो, एमआरपी बदलते, नाव दुसऱ्याच कोणाचं निघतं. साधं चांदीच्या रंगाचं पाकीट आणि वर स्टिकर, एवढ्यावर काम भागतं. नाव ठरवलं की ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग 30 मध्ये शोधा, मसाले त्याच वर्गात येतात. 'गावरान', 'घरगुती' असले शब्द मालाचं वर्णन करतात, त्यांच्यावर हक्क मिळणं कठीण. व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क 4,500 रुपये आहे.

लेबलवर मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी सर्व करांसह, दर ग्रॅमला पडणारी किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावा, बॅच क्रमांक, शाकाहारी खूण, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी क्रमांक हवा. वजन म्हणजे आतल्या मालाचं. काट्यावर पाकिटासकट 200 ग्रॅम दिसले तर प्रत्येक पाकीट कमी भरतंय. इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी नवा लागतो, आणि पॅकर म्हणून त्याच खात्याकडे पॅकिंग सुरू केल्यापासून 90 दिवसांच्या आत नोंदणीचा अर्जही करायचा असतो.

अन्न नोंदणी घरच्या स्वयंपाकघरातून विकत असाल तरी लागतेच. जीएसटीची गोष्ट वेगळी: महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण सावंतवाडीहून गोव्यात किंवा कागलहून निपाणीत एक खोकं जरी विकलं तरी ती आंतरराज्य विक्री होते आणि नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते. सीमेवरच्या उद्योजकांची गाडी इथेच अडते. एकदा नोंदणी घेतली की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरायचंच, नाहीतर दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क चढत राहतं.

अनुदानाच्या भरवशावर खर्च करू नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम बँकेत तुमच्या नावे तीन वर्षं अडकवून ठेवतात, ती हातात येत नाही. शिवाय योजना नव्या उद्योगासाठी आहे. मंजुरीआधीच यंत्र घेऊन उत्पादन सुरू केलं तर तुम्ही चालू उद्योग ठरता. कर्ज मागताना यंत्रासाठी मुदत कर्ज आणि मिरचीसाठी कॅश क्रेडिट (लागतील तसे पैसे काढायचे, आले की भरायचे असं खातं) असं वेगळं मागा. मिरचीचे पैसे हप्त्यांच्या कर्जातून उभे केले की माल विकण्याआधीच हप्ता दारात येतो.

मेहुणा किंवा मैत्रीण भागीदार असेल तर करार लेखी करून भागीदारी संस्था निबंधकाकडे नोंदवा. नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला थकलेल्या बिलासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. कोण किती उचल घेणार आणि बाहेर पडताना हिशेब कसा होणार, ही दोन कलमं त्यात असलीच पाहिजेत.

राहिलं यंत्र. कांडप बाहेरून 25 रुपये किलोने करून घेता असं धरा. स्वतःच्या यंत्राचा हप्ता 6,000, वीज 3,000, माणसाचा पगार 12,000, महिन्याला 21,000 रुपये. म्हणजे महिना 840 किलो कांडल्याशिवाय यंत्र परवडत नाही. घ्यायची वेळ आलीच तर महावितरणकडे जोडणी औद्योगिक दराची मागा, मसाला गिरणी त्या वर्गात बसते, व्यापारी दर विनाकारण भरू नका. आणि गाळा भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत नको. मिरचीच्या ठसक्याने शेजारी आठवड्यात नगरपालिकेत पोहोचतात. तोवर कांडप केंद्रावर सकाळची पहिली पाळी धरा, म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाची हळद तुमच्या मिरचीत उतरत नाही.