दूधसागरचा फोटो आता गाडीत बसूनच काढायचा, तो असा

आमच्या हॉलमध्ये दूधसागरचा एक फोटो लावलाय. धबधबा काठोकाठ भरलेला आणि त्याच्या पोटातून गेल्यासारखी पुलावरची गाडी. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "हा कुठून काढलात?" २००९ च्या ऑगस्टमध्ये काढला, घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉक स्टेशनला उतरून रुळांवरून जवळजवळ १४ किलोमीटर चालत जाऊन. तेव्हा आम्हा बेळगावच्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे. शनिवारी रात्री डबा भरायचा, रविवारी पहाटेची गाडी धरायची. ती वाट आता बंद आहे. मागच्या पावसाळ्यात भाची म्हणाली, "मावशी, उजाडायच्या आत गेलो तर कोण बघतंय?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

रुळांवरून जायचं नाही. २०२३ च्या जुलैमध्ये शेकडो ट्रेकर तिथे पोचले, पोलिसांनी कित्येकांना अडवलं, उठाबशा काढायला लावल्या. धबधबा आपल्या डब्यातूनच बघा, असं रेल्वेने तेव्हा जाहीरपणे सांगितलं. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: विनापरवाना रुळांवर गेलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मी थांबले ते कलमाच्या भीतीने नाही.

कॅसलरॉकपासून खाली उतरणारा हा रेल्वेघाट ३७ ला १ अशा चढाचा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ. वर चढणाऱ्या गाडीला जादा इंजिनं जोडतात, त्यांची घरघर दोन वळणं आधीपासून ऐकू येते. उतरणारी गाडी तशी कळत नाही. पाऊस, धबधबा आणि झाडांवरून गळणारं पाणी यांत तिचा आवाज विरून जातो. २००९ च्या त्याच फेरीत आम्ही एका बोगद्याच्या मध्यावर होतो आणि मागून उजेड आला. भिंतीत माणसाने उभं राहण्यापुरते कोनाडे असतात, त्यातल्या एकात आम्ही तिघी घुसलो. पाठ ओल्या दगडाला, ट्रायपॉड छातीशी आडवा. त्याचा एक पाय जेमतेम वीतभर बाहेर राहिला होता, तो मैत्रिणीने आत ओढला आणि लगेच डबे सुरू झाले. मानेवरून पाणी ओघळत होतं आणि मी डबे मोजत होते, दुसरं काही सुचतच नव्हतं. हॉलमधला तो फोटो त्यानंतर तासाभराने काढलेला आहे. तो आवडतो म्हणणाऱ्या कुणालाही मी ही गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नाही.

आता गाडीतून कसा काढायचा ते. बेळगावहून लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक करत घाट उतरणाऱ्या गाड्यांत पूर्णा एक्स्प्रेस आहे, गोवा एक्स्प्रेस आहे. वेळा बदलतात आणि पावसाळ्यात गाड्या रखडतातही, म्हणून घाट दिवसाउजेडी लागेल अशीच गाडी निवडा, एखादा तास उशीर झाला तरी उजेड राहील हे धरून. तिकीट स्लीपरचं काढा. एसीची काच रंगीत असते, तिच्यावर बाहेरून ओघळ असतात, आणि गार डब्यातून दमट दारात आलात की लेन्सवर जे धुकं धरतं ते धबधबा निघून गेला तरी हटत नाही.

कुठल्या बाजूला बसायचं, हा प्रश्न सगळेच विचारतात. धबधबा अगदी जवळून, तुषार अंगावर येतील इतका, दिसतो तो डोंगराच्या बाजूने. पूर्ण धबधबा पुलासकट दिसतो तो रूळ वळल्यावर दरीच्या बाजूने, पलीकडच्या अंगाला. पहिल्या फेरीला कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि दोन्ही बाजूंनी नुसतं बघा, खरंच सांगते. दुसऱ्या फेरीला एक बाजू पक्की करा. भाचीने पहिल्याच दिवशी दोन्ही खिडक्यांतून धावपळ केली आणि तिच्या वाट्याला तीस फोटो समोरच्या काकांच्या खांद्याचे आले.

कॅसलरॉकला गाडी ब्रेक तपासायला थांबते. तयारी तिथेच उरका: लेन्स पुसा, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे गुंडाळा, खिडकीशेजारच्या प्रवाशाला आत्ताच विनंती करून ठेवा. मंडळी चांगली असतात, आधी सांगितलं की जागा देतात. लेन्स गजांच्या मधून काढायची, पण गजाला टेकवायची नाही. डबा थरथरतो, ती सगळी थरथर फोटोत उतरते. कोपर स्वतःच्या पोटाशी धरा. दारात लोंबकळायचं नाही. हातभर बाहेर झुकून जो कोन मिळतो तो खिडकीतूनही थोडा आधी, थोडा नंतर मिळतोच.

कॅमेरा ऑटोवर ठेवू नका. बोगद्याचा अंधार आणि लगेच पांढरंशुभ्र पाणी, ऑटो गोंधळतं आणि पाण्याची नुसती चुन्याची भिंत होते. कॅसलरॉक सोडल्यावर उघड्यावर एक-दोन फोटो काढून मॅन्युअलवर बेतून ठेवा: शटर १/८०० सेकंदाच्या आसपास, ढगाळ असेल तर आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० ते १६००, आणि एकूण उजेड एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी. सावलीतली झाडी नंतर उजळता येते, जळलेलं पाणी परत येत नाही. फोन असेल तर पाण्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा, उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा, मग बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ भराभर फोटो. गाडी दूधसागरला थांबली तरी खाली उतरू नका. हिरवा सिग्नल कधी पडेल ते आपल्याला कळत नाही आणि त्या खडीवरून डब्यात परत चढणं सोपं नाही.

रेशमासारखं पसरलेलं पाणी गाडीतून मिळणार नाही. ते हवं असेल तर पावसाळा संपण्याची वाट बघा. साधारण ऑक्टोबरपासून गोव्यातल्या कुळ्याहून जीप सुरू होतात. भगवान महावीर अभयारण्यातून ओढे ओलांडत जायचं, शेवटचा टप्पा दगडांवरून पायी. लाइफ जॅकेट घालावंच लागतं, ते काढून फोटोसाठी उभं राहू नका. तिथे धबधबा खालून वर, चार टप्प्यांत ३१० मीटर. ट्रायपॉड, पाव सेकंदाचं शटर, आणि वर पुलावर गाडी येईपर्यंत धीर धरा. धबधब्याचं तोंड पश्चिमेकडे आहे, म्हणून सकाळी डोंगराची सावली पडते. मला चांगला उजेड नेहमी दुपार कलताना मिळालाय. परतीच्या जीपची वेळ मात्र आधी पक्की करून घ्या.

आणि एक काम घरी बसून करायचं. आपल्याला ही जागा सुरक्षितपणे परत हवी असेल तर ती मागायला हवी. नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागाला आणि गोव्याच्या वन खात्याला पत्र लिहा. "दूधसागर खुला करा" एवढंच लिहून भागत नाही. नेमकं मागा: रुळांपासून दूर, कठडा असलेला एक सज्जा, दिवसाला ठरावीक माणसं, ठरलेल्या गाडीनेच येणं-जाणं, प्लॅस्टिकला बंदी. हे जंगल फार नाजूक आहे, त्यामुळे जे मागाल ते थोडकं मागा. याच घाटातल्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, ते लक्षात ठेवून पत्रात मोठ्या बांधकामाचं नावही काढू नका. आम्ही बाराजणांनी सह्या करून पत्र तयार केलंय, सोबत खिडकीतून काढलेले सहा फोटो जोडलेत. रुळांवर उभं राहून काढलेला एकही जोडलेला नाही, हॉलमधलाही नाही.