गाडीच्या स्टिरिओला मोबाईल जोडून हँड्स फ्री बोलायचंय? मग आधी हे बघा

गाणी मस्त वाजतायत पण फोन आला की आवाज मोबाईलमधूनच येतो, हा प्रकार इतक्या जणांच्या बाबतीत होतो की सुरुवात तिथूनच करू. एकदा ब्लूटूथ जोडलं म्हणजे सगळं जोडलं असं आपण धरून चालतो, पण ब्लूटूथमध्ये प्रत्येक कामासाठी वेगळी प्रोफाईल, म्हणजे ठरवून दिलेली पद्धत, असते. गाण्यांसाठी ए-टू-डीपी, कॉलसाठी एचएफपी म्हणजेच हँड्स फ्री प्रोफाईल, मोबाईलमधली नावं-नंबर स्टिरिओच्या स्क्रीनवर यावेत म्हणून पीबीएपी, आणि स्टिअरिंगवरच्या बटणाने गाणं पुढेमागे व्हावं म्हणून एव्हीआरसीपी. ही नावं पाठ करायची काहीच गरज नाही, फक्त एवढं डोक्यात ठेवा की गाणी एका वाटेने जातात आणि कॉल दुसऱ्या, आणि एक वाट चालू असताना दुसरी बंद असू शकते. पुढच्या निम्म्या भानगडी यातूनच सुटतात.

आता पहिलं काम म्हणजे स्टिरिओला कॉल घेता येतो का ते बघणं. काही स्वस्तातल्या स्टिरिओत ब्लूटूथ असतं पण फक्त गाण्यांपुरतं, माईकच दिलेला नसतो, आणि मग कितीही डोकं आपटलं तरी कॉल त्यावर येणार नाही. पॅनलवर किंवा स्टिअरिंगवर हिरव्या रिसिव्हरचं चिन्ह असलेलं बटण आहे का, मेनूत फोन नावाचा पर्याय आहे का, आणि माहितीपुस्तिकेत हँड्स फ्री असं स्पष्ट लिहिलंय का, एवढं बघितलं की कळतं.

जोडणी गाडी उभी करूनच करायची. हे मी काळजीपोटी सांगतोय तसं आहेच, पण बऱ्याच स्टिरिओत गाडी चालू असताना किंवा हँडब्रेक खाली असताना नवीन फोन जोडायचा पर्यायच दिसत नाही, आणि लोकांना वाटतं की स्टिरिओ बिघडलाय. तर गाडी उभी, स्टिरिओ चालू, त्याच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथमध्ये जाऊन नवीन डिव्हाइस जोडा असा जो काही पर्याय असेल तो दाबा, आणि मग मोबाईलमध्ये ब्लूटूथचं पान उघडून ते उघडंच राहू द्या, कारण बऱ्याच फोनमध्ये ते पान बंद केलं की फोन दुसऱ्या डिव्हाइसला दिसेनासा होतो. यादीत गाडीचं किंवा स्टिरिओ कंपनीचं नाव आलं की त्यावर टॅप करायचं, दोन्ही स्क्रीनवर सहा आकडी नंबर येतो, तो सारखाच आहे ना हे बघायचं आणि दोन्हीकडे ओके करायचं. जुन्या स्टिरिओत असा नंबर येत नाही, तो तुमच्याकडेच पिन मागतो, तेव्हा 0000 किंवा 1234 टाकून बघा, बहुतेक वेळा यातलाच एक असतो, नाहीतर माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.

यानंतर मोबाईलवर एक-दोन प्रश्न येतात आणि घोटाळा होतो तो इथेच. कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्टरी गाडीला देऊ का असं फोन विचारतो, आपण घाईत नाही म्हणून मोकळे होतो, आणि मग कॉल आला की स्क्रीनवर नावाऐवजी नुसता नंबर दिसतो. नावं दिसायला हवी असतील तर परवानगी द्यायची. फोनबुक मोठं असेल तर ते स्टिरिओत उतरायला थोडा वेळ लागतो, लगेच नावं दिसली नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा तोडून जोडत बसू नका.

आता ते गाणी वाजतात पण कॉल येत नाही वालं प्रकरण. अँड्रॉइड फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावाशेजारी सेटिंगचं दातेरी चाकाचं चिन्ह असतं, त्यात गेलं की फोन कॉल, मीडिया ऑडिओ आणि कॉन्टॅक्ट शेअरिंग अशी वेगवेगळी बटणं दिसतात, कंपनीप्रमाणे नावं जरा बदलतात पण अर्थ तोच. फोन कॉलचं बटण बंद असेल तर चालू करा, झालं. आयफोनमध्ये अशी सुटी बटणं नसतात, तिथे गाडीच्या नावाशेजारचं गोलातलं i हे चिन्ह दाबून डिव्हाइसचा प्रकार कार स्टिरिओ आहे का ते बघायचं, आणि शिवाय ॲक्सेसिबिलिटीमध्ये टचच्या आत कॉल ऑडिओ राउटिंग म्हणून एक सेटिंग असतं, ते कोणीतरी स्पीकरवर करून ठेवलेलं असेल तर कॉल मोबाईलमधूनच वाजत राहतो. आणि कॉल चालू असतानाच आवाज इकडचा तिकडे करायचा असेल तर कॉलच्या स्क्रीनवरच्या ऑडिओ किंवा स्पीकरच्या बटणावर टॅप करून गाडीचं नाव निवडता येतं, अर्थात हे गाडी चालवताना करायचं काम नाही.

कॉल लागला, तुम्हाला समोरच्याचा आवाज येतोय पण अगदी बारीक? गाण्यांचा व्हॉल्यूम आणि कॉलचा व्हॉल्यूम बहुतेक स्टिरिओत वेगवेगळा लक्षात ठेवला जातो, त्यामुळे कॉल चालू असतानाच नॉब फिरवायचा. आधी गाण्याला फुल करून काही उपयोग नाही, फक्त कॉल संपला की गाणं कानठळ्या बसवेल.

आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते, की गाण्याचा आवाज एवढा भारी आणि कॉलचा मात्र डबड्यातून आल्यासारखा, स्पीकर खराब आहेत का. नाहीत. कॉलची वाट वेगळी म्हटलं ना, त्या वाटेवर आवाजातला तपशील मुद्दाम कमी करून पाठवला जातो. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतले जातात (नमुने कमी, तसा तपशील कमी), नंतरच्या वाइडबँड पद्धतीत 16000, आणि गाण्यांना साधारण 44100. शिवाय वाइडबँडसाठी फोन आणि स्टिरिओ दोघांनाही ते जमलं पाहिजे, आणि नेटवर्कवरचा कॉलही तसा पाहिजे. म्हणून महागडे स्पीकर बसवून कॉल काही गोड होत नाही.

खरं तर स्पीकरची चिंता सोडाच. हँड्स फ्रीमध्ये तुम्हाला काय ऐकू येतंय यापेक्षा समोरच्याला काय ऐकू जातंय हे महत्त्वाचं, आणि ते आपल्याला गाडीत बसून कधीच कळत नाही. लोक महिनोन्महिने बोलत राहतात आणि पलीकडचे बिचारे हं हं करत अर्धं अंदाजाने समजून घेतात. त्यामुळे जोडणी झाली की जवळच्या कोणाला तरी फोन लावा, गाडी उभीच ठेवून एसीचा पंखा आधी बंद, मग फुल, मग काच थोडी खाली, असं करून बघा आणि त्या माणसाला स्पष्ट विचारा की कुठे आवाज गेला. तुला ऐकू येतंय का असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, त्यापेक्षा काही नंबर भरभर सांगा आणि परत म्हणायला लावा.

गाडीसोबत आलेल्या स्टिरिओचा माईक सहसा छतावर, वरच्या दिव्याजवळ असतो आणि कंपनीने जागा विचार करून निवडलेली असते, तिथे करण्यासारखं फार काही नसतं, त्याच्या जाळीवर कव्हर किंवा स्टिकर आलंय का आणि एसीचा झोत थेट तिकडे जातोय का एवढं बघा. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत मात्र खरी गंमत असते. काहींच्या पॅनलवरच टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, तोच माईक, म्हणजे तो तुमच्या तोंडापासून लांब आणि एसीच्या जाळीच्या शेजारी. चांगल्या स्टिरिओसोबत लांब वायरचा सुटा माईक येतो, आणि तो बसवणारे कधी कधी वायर ओढायचा कंटाळा करून डॅशबोर्डच्या आत कुठेतरी कोंबून टाकतात. तो बाहेर काढून घ्या. उत्तम जागा म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा विंडस्क्रीनचा खांब, सन व्हायझरजवळ किंवा स्टिअरिंग कॉलमच्या वर, तोंड तुमच्याकडे आणि एसीच्या झोतापासून लांब, फक्त त्या खांबात एअरबॅग असेल तर तिथे वायर खुपसायचं काम जाणकाराकडूनच करून घ्या. एवढं करूनही फरक पडला नाही तर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये आतला माईक की बाहेरचा असा पर्याय आहे का ते शोधा, कधी कधी बाहेरचा लावलेला असतो आणि स्टिरिओ आपला आतलाच वापरत बसतो.

समोरचा म्हणाला की मला माझाच आवाज परत ऐकू येतोय, तर चूक त्याच्या फोनची नाही, तुमच्या गाडीची. तुमच्या स्पीकरमधून निघालेला त्याचा आवाज तुमच्याच माईकमध्ये शिरतो आणि परत जातो. स्टिरिओत हे कापायची सोय असते पण तिला मर्यादा आहेत, म्हणून पहिला उपाय म्हणजे कॉलचा व्हॉल्यूम कमी करणं, दुसरा माईक स्पीकरपासून लांब नेणं. काही स्टिरिओत माईक गेन, म्हणजे माईकने आवाज किती जोरात उचलायचा, असंही सेटिंग असतं, ते एक-दोन घर खाली आणून बघा.

स्टिरिओत ब्लूटूथच नसेल तरी मार्ग आहेत. ऑक्सची, म्हणजे हेडफोनसारख्या 3.5 मिमी पिनची, वायर लावली तर आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो, पण बोलणं मोबाईलच्याच माईकमध्ये जातं, त्यामुळे फोन कप्प्यात टाकून चालत नाही, समोर होल्डरमध्ये लागतो. चार्जिंग आणि ऑक्स एकदम लावल्यावर इंजिनच्या रेसबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर ती ग्राउंड लूपची, म्हणजे दोन्ही वायरींच्या अर्थिंगमधून शिरणाऱ्या गडबडीची, मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावली की बहुतेक वेळा जाते. ऑक्समध्ये लावायचा माईकवाला छोटा ब्लूटूथ रिसिव्हर मिळतो, तो बरा. ऑक्सही नसेल तर एफएम ट्रान्समीटर, तो मोबाईलचा आवाज गाडीच्या रेडिओवर पाठवतो, 87.5 ते 108 मेगाहर्ट्झमध्ये मोकळी जागा शोधून तो आणि रेडिओ दोन्ही त्याच जागेवर लावायचे, पण गाडी पुढे गेली की त्याच जागेवर दुसरं स्टेशन येऊन बसतं आणि ऐन बोलण्यात खरखर सुरू होते. फक्त कॉलपुरतंच हवं असेल तर माझं मत विचाराल तर सन व्हायझरला अडकवायचा ब्लूटूथ स्पीकरफोन घ्या, माईक तोंडासमोर असतो आणि स्टिरिओशी काही संबंधच नाही.

अँड्रॉइड ऑटो किंवा आयफोनचं कारप्ले, म्हणजे मोबाईलमधली ॲप्स गाडीच्या स्क्रीनवर आणायची सोय, असेल तर एक फरक ध्यानात ठेवा. अँड्रॉइड ऑटो वायरने लावलं तरी कॉलचा आवाज ब्लूटूथवरूनच जातो, म्हणून वायर लावलीये म्हणून ब्लूटूथ बंद करू नका. कारप्लेत कॉल त्या वायरवरून किंवा वायरलेस असेल तर वायफायवरून जातो. आणि वायर लावूनही स्क्रीनवर काहीच येत नसेल तर आधी वायर बदला, नुसत्या चार्जिंगच्या वायरी असतात, त्यातून डेटा जातच नाही.

काल चालत होतं आज जोडलंच जात नाही, असं झालं तर फोनमधून गाडी आणि गाडीतून फोन, दोन्हीकडून डिलीट करून नव्याने जोडा. एकीकडूनच काढलं तर जुनी ओळख दुसरीकडे शिल्लक राहते आणि दोघं एकमेकांना नाकारत बसतात. स्टिरिओची यादी भरलेली असेल तरी नवीन फोन घेत नाही, जुने उडवा. नेटवर्क सेटिंग रिसेट हा शेवटचा उपाय, कारण त्यात सगळे वायफाय पासवर्डही जातात.

घरात दोघांचे फोन जोडलेले असतील तर प्रायॉरिटी कोणाला ते स्टिरिओत ठरवून टाका. नाहीतर तुम्ही घरात फोनवर बोलत असता, कोणीतरी खाली गाडी चालू करतं, ब्लूटूथचा पल्ला दहा-एक मीटर असतोच, कॉल उडी मारून गाडीत जातो आणि तुमचं सगळं बोलणं गाडीतले ऐकतात. गाडीत अजून कोणी बसलेलं असताना कॉल घेतला तर पहिल्यांदा स्पीकरवर आहेस एवढं समोरच्याला सांगून टाकावं, नंतरची पंचाईत वाचते.

नंबर शोधणं, यादी चाळणं हे चालत्या गाडीत नाहीच, स्टिअरिंगवरचं बोलण्याचं बटण दाबून धरलं की फोनमधली आवाजी मदतनीस, म्हणजे गुगलची किंवा आयफोनची सिरी, येते, तिला नाव सांगायचं. एकाच नावाचे चार जण सेव्ह असतील तर ती विचारत बसते कोणता, म्हणून रोजच्या माणसांची नावं वेगळी वाटतील अशी सेव्ह करा. हँड्स फ्री असलं तरी लक्ष बोलण्यात जातंच, आणि नियमही सगळीकडे सारखे नाहीत, त्यामुळे मोठं बोलणं असेल तर गाडी बाजूला घेऊनच.

भाड्याची गाडी असेल तर परत देण्याआधी स्टिरिओतून आपला फोन डिलीट करा, नुसतं मोबाईलमधून काढून भागत नाही, कारण तुमचं फोनबुक आणि कॉल हिस्टरी त्या स्टिरिओत उतरलेली असते. डिलीट केल्यावर फोनबुकच्या पानावर जाऊन नावं खरंच गेली का ते एकदा बघा. स्वतःची गाडी विकताना तर थेट फॅक्टरी रिसेट मारा, त्यात नेव्हिगेशनमधला घरचा पत्ताही जातो.