नोकरी, थंडी आणि तान्हे बाळ: आठवडा कसा आखावा

नाशिक-पुण्याकडच्या थंडीत सकाळी लवकर घर सोडणाऱ्या आईवडिलांनी बाळाला रोज पहाटे अंघोळ घालण्याचा अट्टहास सोडावा. एरवी कोमट पाण्याने अंग पुसणे पुरेसे असते; निवांत मालीश आणि अंघोळ रविवारी, ऊन वर आल्यावर करावी, मात्र नाकात किंवा कानात तेल घालू नये.

खरी कसोटी दुधाची असते. काढून ठेवलेले आईचे दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास आणि फ्रिजमध्ये ४ दिवस टिकते, म्हणून प्रत्येक झाकणबंद बाटलीवर तारीख व वेळ लिहावी, आधीचे दूध आधी वापरावे, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून ते कोमट करावे आणि बाळाचे उष्टे दूध २ तासांनंतर टाकून द्यावे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि तिथे दिवसातून ४ वेळा जाण्याची मुभा २०१७ पासून कायद्याने मिळाली आहे. ती मागताना संकोच बाळगू नये, असे मला मनापासून वाटते.

सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी नाचणीचे सत्त्व सुट्टीच्या दिवशीच करून ठेवावे. खोकला झाला तरी वर्षाच्या आत मध चाटवू नये.

रात्री टोपी आणि सैल दुलई काढून बाळाला अंगाबरोबरच्या उबदार कपड्यांत, पाठीवर झोपवावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये, कारण तिच्यातून निघणारा विषारी वायू वासाने कळत नाही.